पवनचक्क्यांच्या मालकांना खुले पत्र : खर्च कापा, पण पावसाळा बघून कापा

प्रति,
महाराष्ट्रातील पवनचक्क्यांचे मालक आणि त्यांच्या देखभालीची कंत्राटे ठरवणारी व्यवस्थापने यांस,

सप्रेम नमस्कार.

वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघरची पठारे, ढालगावचा माळ, साक्रीजवळचे ब्राह्मणवेल अशा ठिकाणी वीस-बावीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या मशीनची देखभाल करणारे आम्ही तंत्रज्ञ आणि अभियंते आहोत. आमची चूल या मशीनवर पेटते. नॅसेलमध्ये, म्हणजे टॉवरच्या डोक्यावरच्या यंत्रखोलीत, उभे राहून काम करताना ब्रेक, पिच (ब्लेडचा कोन बदलणारी यंत्रणा) आणि टॉवरच्या बोल्टवर आम्ही जिवाचा भरवसा टाकलेला असतो. त्यामुळे देखभालीच्या नव्या कंत्राटांत जे चालले आहे त्याबद्दल गप्प बसणे आम्हाला शक्य नाही.

आपली अडचण आम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २४ नोव्हेंबर २००३ च्या आदेशाने पवन ऊर्जेला पहिल्या वर्षी युनिटला ३ रुपये ५० पैसे आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, असा तेरा वर्षांचा दर मिळाला. तेराव्या वर्षी तो ५ रुपये ३० पैशांवर पोचला. करार संपले, दर घसरला, घसाऱ्याची करसवलत तर कधीच वापरून झाली. देखभालीचे बिल मात्र दरवर्षी वाढत राहिले. खर्च कमी करायलाच हवा, यात वाद नाही. वाद आहे तो कापण्याच्या पद्धतीवर. सहामाही सर्व्हिस वार्षिक करायची, तेलाचे नमुने बंद करायचे, माणसे निम्मी करायची, आणि बाकी "बिघडेल तेव्हा बघू" : हे धोरण कागदावर स्वस्त दिसते, पठारावर ते सर्वांत महाग पडते.

कारण आपल्याकडचा वारा वर्षभर सारखा नसतो. एक हिशोब करून बघा. १२५० किलोवॅटचे मशीन घ्या, वर्षाचा क्षमता वापर (पूर्ण क्षमतेच्या किती टक्के वीज प्रत्यक्षात झाली) २० टक्के धरा, म्हणजे २१ लाख ९० हजार युनिट. त्यातले ६५ टक्के जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत धरले, तर पावसाळ्यात दिवसाला सुमारे ११,६७० युनिट होतात आणि उरलेल्या आठ महिन्यांत दिवसाला फक्त ३,१५०. आता आपल्या कंत्राटातली ९५ टक्के उपलब्धतेची, म्हणजे वर्षातला तेवढा वेळ मशीन चालण्याच्या स्थितीत ठेवण्याची, हमी आठवा. उरलेले ५ टक्के म्हणजे सव्वाअठरा दिवस. अठरा दिवस मशीन डिसेंबरात बंद राहिले तर ५७ हजार युनिट जातात, जुलैत राहिले तर २ लाख १० हजार. युनिटला तीन रुपये धरले तर एकीकडे पावणेदोन लाखांच्या आत, दुसरीकडे सहा लाखांच्या वर. हमी दोन्ही वेळा पाळली गेली आणि दंड दोन्ही वेळा शून्य. तासांवर मोजलेली उपलब्धता देखभालवाल्याला पावसाळ्याआधी घाई करायचे काहीच कारण देत नाही. आमची पहिली तक्रार हीच आहे. आंतरराष्ट्रीय मानकांत, म्हणजे आयईसी ६१४००-२६ मध्ये, तासांवरची उपलब्धता आणि उत्पादनावरची उपलब्धता या दोन्ही मोजण्याच्या रीती दिलेल्या आहेत. आपण पहिलीवरच सह्या करत आलात.

दुसरी तक्रार गिअरबॉक्सची आहे. तिच्यात सर्वांत जास्त पैसा अडकलेला असल्याने जरा सविस्तर लिहितो.

गिअरबॉक्स एका दिवसात मोडत नाही. बहुतेक वेळा सुरुवात होते हाय स्पीड शाफ्टच्या, म्हणजे जनरेटरकडच्या वेगाने फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगपासून. बेअरिंगच्या कड्याच्या फिरत्या पृष्ठभागावर बारीक खड्डा पडतो, त्यातून पोलादाचे कण सुटतात, ते तेलाबरोबर फिरून बाकीच्या बेअरिंगवर आणि दातांवर चिरडले जातात. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये हाय स्पीड आणि इंटरमीडिएट शाफ्टची बेअरिंग नॅसेलमध्येच, मशीनवरच्या लहान क्रेनने आणि चेन पुलीने बदलता येतात. नुकसान प्लॅनेटरी स्टेजपर्यंत (ब्लेडकडच्या, सावकाश फिरणाऱ्या गिअरच्या संचापर्यंत) गेले की अख्खी गिअरबॉक्स खाली उतरवावी लागते आणि त्यासाठी मोठी क्रेन बोलवावी लागते. घाटातून ती वर चढवणे, तिच्यासाठी रस्ता आणि पॅड दुरुस्त करणे, बूम जोडणे, हे सगळे कोरड्या दिवसांतही सोपे नाही. पावसाळ्यात जांभा दगडाच्या पठारावर चिखल, धुके आणि वारा असतो. वारा सेकंदाला आठ-दहा मीटरच्या वर गेला की रोटर, म्हणजे ब्लेडसकटचे पुढचे चाक, उतरवता येत नाही. म्हणजे मशीनला वीज करायला जो वारा हवा, त्याच वाऱ्यात क्रेन थांबते. ऑगस्टच्या सुरुवातीला गेलेली गिअरबॉक्स ऑक्टोबरच्या आधी हलत नाही.

त्या साठ दिवसांत वरच्या हिशोबाने ७ लाख युनिट, म्हणजे २१ लाख रुपये बुडतात. गिअरबॉक्सचे ओव्हरहॉलिंग आणि क्रेन मिळून समजा ६० लाख. एकूण ८१. मार्चमध्ये नॅसेलमध्येच बेअरिंग बदलायला समजा ५ लाख लागले असते. पाच भागिले ऐंशी-एक्याऐंशी म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास. याचा अर्थ, हे बेअरिंग या पावसाळ्यात गिअरबॉक्स घेऊन जाण्याची शक्यता सहा-सात टक्क्यांच्या वर असेल तर मार्चमध्येच बदलणे स्वस्त. आकडे आम्ही गृहीत धरलेत, आपण आपल्या कोटेशनचे टाका. पण हा भागाकार एकदा तरी करा. आज तो कुणी करत नाही, कारण शक्यता सांगणारी माहितीच आपण बंद केली आहे.

ती माहिती मिळवणे फार महाग नाही. या आकाराच्या गिअरबॉक्समध्ये दोन-तीनशे लिटर तेल असते आणि तपासणीला छोटी बाटलीभर लागते. नमुना मशीन थांबवल्यावर लगेच, तेल गरम असताना, फिल्टरच्या आधीच्या ठरलेल्या जागेतून घ्यायचा. नळीत साचलेले पहिले तेल टाकून द्यायचे, बाटलीवर मशीन नंबर, तारीख आणि तेल किती तास चालले ते लिहायचे. थंड तेलाचा, तळाच्या ड्रेनमधून घेतलेला नमुना पाठवण्यात अर्थ नाही. त्याचा रिपोर्ट एकतर घाबरवतो, नाहीतर फसवतो. रिपोर्टमध्ये लोखंडाचे प्रमाण, कणांची संख्या, पाणी आणि आम्लता बघायची. चालू गिअरबॉक्सच्या तेलाची स्वच्छता १८/१६/१३ च्या आसपास असावी (तेलातल्या कणांच्या संख्येचा हा आयएसओ कोड, आकडे जितके लहान तितके तेल स्वच्छ) आणि पाणी ५०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५०० भाग) खूप खाली असावे. एका आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा : लोखंड तीन नमुन्यांत सलग वाढत असेल तर इन्स्पेक्शन कव्हर उघडून बोरोस्कोप (आत बघायची कॅमेऱ्याची नळी) घालायची वेळ झाली.

ब्रीदरचेही, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा ये-जा करायच्या तोटीचेही, असेच. गिअरबॉक्स तापते तेव्हा हवा बाहेर टाकते, थंड झाली की आत ओढते. पावसाळ्यात ती जे आत ओढते ते पठारावरचे धुके असते. ब्रीदरमधले सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ओल थेट तेलात उतरते, आणि ओल्या तेलात बेअरिंगचे आयुष्य झपाट्याने घटते. दाणे बदलायला पंधरा मिनिटे लागतात. नव्या कंत्राटांत हा सुटा भाग "मागणीनुसार" या सदरात गेला आहे आणि मागणी मंजूर होऊन येईपर्यंत जुलै संपलेला असतो.

आता जिथे कापता येईल तेही सांगतो, नाहीतर आम्ही फक्त खर्च वाढवायला बसलो आहोत असे वाटेल. रिपोर्ट चांगला असेल तर वर्षे भरली म्हणून तेल बदलू नका. चांगले सिंथेटिक तेल ऑफलाइन फिल्टर लावून बरेच पुढे चालते. ३५० किलोवॅटच्या मशीनवर कायमचे व्हायब्रेशन मॉनिटरिंग बसवू नका, ते पैसे वसूल होणार नाहीत. त्याऐवजी वर्षातून दोनदा, एकाच वाऱ्यात आणि एकाच लोडवर, हातातल्या यंत्राने मोजमाप घ्या. मेगावॅटच्या वरच्या मशीनना, ज्यांच्या गिअरबॉक्सला आधीच शंकेची नोंद आहे, त्यांना मात्र सेन्सर लावा. दरवर्षी सगळ्या बोल्टना टॉर्क मारण्याचीही (ठरलेल्या जोराने आवळून बघण्याचीही) गरज नाही. पंख्याच्या मोटरी, रिले, फ्यूज, नॅसेलमधले दिवे, कपॅसिटर हे बिघडेपर्यंत चालवा, फक्त साइटवर सुटे भाग ठेवा. "बिघडेल तेव्हा बघू" हे धोरण स्वस्त, लवकर बदलता येणाऱ्या आणि कुणाच्या जिवावर न बेतणाऱ्या भागांसाठी अगदी योग्य आहे. तेच गिअरबॉक्सला, ब्लेडला आणि पिचला लावणे चूक.

पिचवरून तिसरी तक्रार. विजेवर चालणाऱ्या पिचच्या मशीनमध्ये लाइन गेली की ब्लेड वाऱ्यातून काढून घ्यायचे काम हबमधल्या (ब्लेड जोडलेल्या मधल्या भागातल्या) बॅटऱ्या करतात. पावसाळ्यात लाइन वारंवार जाते, म्हणजे बॅटरीची परीक्षा ऐन वाऱ्यातच होते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी तीन-चार वर्षांत थकते, पण मीटर लावला तर व्होल्टेज ठीक दाखवते. लोड देऊन ब्लेड पूर्ण फिरवून बघितल्याशिवाय तिची खरी ताकद कळत नाही. ती ऐनवेळी कमी पडली तर रोटर वेग धरतो आणि ब्रेक एकटा तो पेलू शकत नाही. डिस्क तापते, ठिणग्या उडतात, नॅसेलमध्ये गळलेले तेल असते. पुढचे सांगायला नको. हायड्रॉलिक पिचमध्ये अ‍ॅक्युम्युलेटरमधला (दाब साठवणाऱ्या टाकीतला) नायट्रोजनचा दाब हेच काम करतो, तोही मोजल्याशिवाय कळत नाही. ही तपासणी वार्षिक करून किती पैसे वाचले, हे कुणीतरी आम्हाला समोर बसून दाखवावे.

बोल्टांबद्दल. टॉवरच्या फ्लॅन्जचे (टॉवरचे तुकडे जोडणाऱ्या कड्यांचे) बोल्ट १०.९ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाचे, असतात आणि ते टिकतात ते ओढीवर. ओढ सुटली की वाऱ्याच्या प्रत्येक झोताचा भार थेट बोल्टवर येतो आणि तो थकून तुटतो. दरवर्षी दहा टक्के बोल्ट तपासावेत. एखादा ठरलेल्या टॉर्कला फिरला तर त्याच्या दोन्ही बाजूंचे, तेही फिरले तर अख्खा फ्लॅन्ज. तुटलेला एक बोल्ट सापडला तर एकटा तोच बदलून निघून जायचे नाही, शेजारच्यांनीही तो भार सोसलेला असतो. आणि टॉर्कचा आकडा म्हणजे ओढ नव्हे. कोरड्या, गंजलेल्या आट्यांवर तोच आकडा दाखवूनही ओढ निम्म्यावर राहू शकते, म्हणून नव्या बोल्टला मोलिब्डेनमची पेस्ट लागते आणि हायड्रॉलिक रेंचचे कॅलिब्रेशन लागते. आम्हाला हल्ली रेंच तीन साइट मिळून एक मिळतो. नटाखालून गंजाचा ओघळ दिसला की फोटो काढून पाठवायचा, एवढेच काम उरते.

ब्लेडचे थोडक्यात : आपल्याकडे वीज कोसळते ती मुख्यतः एप्रिल-मेच्या वळवात आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. ब्लेडच्या टोकाजवळ पाणी निघून जायला एक बारीक भोक असते. ते धूळ, किडे, ग्रिसने बुजले की आत पाणी साचते, आणि वीज त्या पाण्यातून गेली तर क्षणात वाफ होऊन ब्लेड शिवणीवर फाटतो. भोक मोकळे करणे आणि रिसेप्टरपासून (ब्लेडवरच्या वीज झेलणाऱ्या धातूच्या तुकड्यापासून) जमिनीपर्यंतची तार सलग आहे का ते मोजणे, हे मार्चमधले काम आहे. अर्थिंग दहा ओहमच्या आत असायला हवे. जांभ्यात ते उन्हाळ्यात वाढतेच, म्हणून मोजायचे ते उन्हाळ्यातच.

चौथी तक्रार उत्पादन चोरणाऱ्या दोषांची. मशीन चालू असते, उपलब्धता ९८ टक्के दिसते आणि युनिट कमी येतात. नॅसेलवरचे वाऱ्याची दिशा दाखवणारे व्हेन दहा अंशांनी वाकडे बसले असेल तर मशीन कायम वाऱ्याला तिरके उभे राहते. मध्यम वाऱ्यात याचा तोटा तीन टक्क्यांच्या वर जातो. रेटेड वाऱ्यात (मशीन पूर्ण क्षमतेने चालते तेवढ्या वाऱ्यात) तो जाणवत नाही म्हणून वर्षाला दोनच टक्के धरा, तरी ४३ हजार ८०० युनिट, म्हणजे एक लाख तीस हजार रुपये. व्हेन सरळ करणे दोन माणसांचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. हा दोष सापडतो तो स्काडाच्या (मशीनवर दुरून नजर ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या) दहा मिनिटांच्या नोंदींतून, शेजारच्या मशीनशी तुलना करून. त्याच नोंदींत गिअरबॉक्सचे बेअरिंग शेजाऱ्यापेक्षा, त्याच लोडला, सहा-सात अंश गरम चालले आहे हेही दिसते. पण आपल्यापैकी बहुतेकांना महिन्याला मिळतो तो एक पानी रिपोर्ट : युनिट किती, बंद किती तास. मशीन आपले, वारा आपल्या जागेतला, आणि नोंदी कंत्राटदाराच्या सर्व्हरवर. कंत्राट बदलले की इतिहास पुसला. नवा कंत्राटदार मग आधीच्याने केलेलीच तपासणी पुन्हा करतो आणि पैसे आपण दोनदा देता.

पाचवी, छोटी पण दरवर्षीची : मशीनच्या डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरच्या खांबापासून) सबस्टेशनपर्यंतची ३३ केव्ही लाइन कुणाची? कंत्राटात तिच्या बंदीचे तास "ग्रिड" म्हणून वगळले जातात, त्यामुळे तिच्याकडे कुणीच बघत नाही. धुक्यात मळलेला इन्सुलेटर फुटतो, सैल जंपर (तारा जोडणारा तुकडा) जळतो, फांदी लागते आणि एका फीडरवरची सगळी मशीन एकदम थांबतात. एप्रिल-मेमध्ये इन्सुलेटर पुसणे, जंपर आवळणे, झाडे छाटणे, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची बीडीव्ही चाचणी (तेल किती व्होल्टेज सोसते ते बघणारी) करणे यावर खर्च केलेला रुपया जितका परत येतो तितका मशीनच्या दुसऱ्या कुठल्याही भागावरचा येत नाही, हे आमचे ठाम मत आहे.

काही मालक म्हणतात, केंद्राचे डिसेंबर २०२३ चे रिपॉवरिंग (जुन्या मशीनच्या जागी नवी उभारणे) आणि आयुर्मानवाढीचे धोरण आले आहे, दोन मेगावॅटच्या आतली ही मशीन जाणारच, मग खर्च कशाला. मशीन खरोखर जाणार असेल तर हे बरोबरही आहे, पण मग तसे ठरवा आणि तारीख सांगा. दोनच पावसाळे उरले असतील तर ब्लेडच्या कडांची दुरुस्ती आणि गिअरबॉक्सचे ओव्हरहॉलिंग करू नका. तेलाचे नमुने, ब्रीदर, व्हेन, लाइन आणि सुरक्षेची कामे तेवढी ठेवा, ती त्याच हंगामात वसूल होतात. एका पठारावर दहा मालक, जमिनीचे तुकडे, सबस्टेशनची मर्यादा, हे सगळे सुटून नवे मशीन उभे राहायला वर्षे जातात. तोवर जुने मशीन "जाणारच" म्हणून सोडून देणे म्हणजे चार-पाच पावसाळे वाऱ्यावर सोडणे. आणि वीस वर्षांच्या डिझाइन आयुष्याच्या पुढे चालवायचे असेल तर फ्लॅन्ज, मेन शाफ्ट, हब आणि पाया यांची स्वतंत्र तपासणी हवीच. तिथे काटकसर करू नका.

आमच्या मागण्या अशा :

१. पुढच्या कंत्राटात उपलब्धता युनिटवर मोजा. ते लगेच जमत नसेल तर निदान जून ते सप्टेंबरची हमी वेगळी लिहा आणि तिचा दंडही वेगळा ठेवा.

२. प्रत्येक मशीनच्या भागांच्या तीन याद्या करा : बिघडेपर्यंत चालवायचे, ठरलेल्या मुदतीत बदलायचे, लक्षणे बघून ठरवायचे. सगळ्या मशीनना एकच वेळापत्रक लावू नका.

३. तेलाचे नमुने वर्षातून दोनदा, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत. फेब्रुवारीच्या रिपोर्टवर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात निर्णय व्हावा, म्हणजे क्रेन लागली तर ती मेअखेर परत खाली जाईल.

४. पिचच्या बॅटऱ्यांची लोड चाचणी, ब्रेक, ओव्हरस्पीड सेन्सर आणि टॉवर बोल्ट यांना कोणत्याही काटछाटीतून वगळा. नॅसेलवर एकट्या माणसाला पाठवायचा आदेश कुणीही देऊ नये. असे आदेश तोंडी दिले जातात, म्हणून बंदी कंत्राटात लेखी हवी.

५. दहा मिनिटांच्या सर्व नोंदी, तेलाचे रिपोर्ट आणि बदललेल्या भागांची यादी मालकाच्या ताब्यात राहील, असे कलम घाला.

६. एका पठारावरच्या मालकांनी मिळून एक भांडार करा. एकाच बनावटीची तीस-चाळीस मशीन असतील तर एक ओव्हरहॉल केलेली गिअरबॉक्स, एक जनरेटर, यॉचे (नॅसेल वाऱ्याकडे वळवणाऱ्या यंत्रणेचे) दोन गिअर आणि कंट्रोल कार्डांचा एक संच सगळ्यांत मिळून ठेवणे परवडते. बऱ्याच जुन्या मॉडेलचे भाग आता बनत नाहीत, एका बंद मशीनचे भाग काढून दुसरे चालवायची वेळ आली आहे. निदान त्याची लेखी नोंद तरी ठेवा. क्रेनही मिळूनच बोलवा : एकदा वर चढलेल्या क्रेनने तीन मशीनची कामे केली तर आणण्या-नेण्याचा खर्च तिघांत वाटला जातो.

७. ३३ केव्ही लाइनची जबाबदारी कुणाची ते नाव घालून लिहा.

यातली दुसरी, तिसरी आणि सातवी मागणी पूर्ण करायला कंत्राट संपायची वाट बघावी लागत नाही. ऑक्टोबरच्या नमुन्यांपासून सुरुवात करता येईल. भागांच्या याद्या आणि मशीननिहाय खर्चाचा तक्ता तयार करून द्यायला आम्ही तयार आहोत. मालकांनी साइटवर एक बैठक घ्यावी आणि कंत्राटदारालाही त्याच बैठकीला बोलवावे.

आपले,
पवनचक्क्यांच्या देखभालीवर काम करणारे तंत्रज्ञ आणि अभियंते